मोड आणि भट्टी : रत्नागिरीच्या धातुव्यवहाराचा एक धडा

धातूच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः खाणीकडे व भट्टीकडे वळते; वापरून जीर्ण झालेल्या धातूचे पुढे काय होते, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत मात्र हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा ठरतो. खनिजापासून धातू गाळण्याचा मोठा उद्योग या जिल्ह्यात रुजला नाही, आणि तांब्याच्या बाबतीत तो उभारण्याचा जो प्रयत्न झाला, तो लोकांनी परतवून लावला.

जांभ्याच्या या मुलखात लोहयुक्त दगडाला तोटा नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या परिसरात, धावड लोक लहान भट्ट्यांतून लोखंड गाळीत असत. परंतु मिळणाऱ्या लोखंडाच्या कित्येक पट लोणारी कोळसा त्यासाठी जाळावा लागे. एकोणिसाव्या शतकात एकीकडे स्वस्त विलायती लोखंड बाजारात आले, दुसरीकडे सरकारी जंगलांवर निर्बंध बसले, आणि हा धंदा मावळला. लोहाराचा भाता मात्र थांबला नाही. आयात पट्ट्यांबरोबरच जुन्या लोखंडावर त्याचे काम चालू राहिले. खनिज गाळणारा गेला, परंतु मोडीतून घडविणारा टिकला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तांब्यापितळेच्या व्यवहारात तर ‘मोड’ ही एक प्रतिष्ठित आर्थिक संस्थाच होती. गिऱ्हाइकाने जुने भांडे द्यावे, तांबटाने ते तोलून घ्यावे, घट वजा करून धातूची किंमत धरावी व नव्या भांड्याची घडणावळ निराळी आकारावी, असा हा रिवाज. त्यामुळे घरातील हंडा किंवा घागर ही केवळ वापराची वस्तू न राहता अडीअडचणीला उपयोगी पडणारी ठेव ठरे. पर्यावरणाची कल्पना या व्यवहारामागे नव्हती. धातू दुर्मिळ व महाग होता, म्हणूनच तो वाया जात नसे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच तांब्याचा प्रश्न रत्नागिरीपुढे निराळ्या रूपात उभा राहिला. स्टरलाइट कंपनीच्या ताम्रशुद्धीकरण प्रकल्पासाठी १९९२ साली रत्नागिरीनजीक औद्योगिक महामंडळाची जमीन देण्यात आली. हापूसच्या बागा व मासेमारी यांना धोका पोहोचेल, या भीतीने शेतकरी व मच्छिमार रस्त्यावर उतरले. १९९३ साली बांधकाम थांबले, आणि पुढे प्रकल्प तामिळनाडूतील तुतिकोरिनला गेला. तेथेही विरोध वाढत गेला. २२ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १३ जण मृत्युमुखी पडले व त्याच महिन्यात कारखान्यास टाळे लागले. त्यानंतर शुद्ध तांब्याच्या बाबतीत भारत निर्यातदाराचा आयातदार झाला. अर्थात रत्नागिरीची हवा वाचली, तरी धातूची गरज व तिची किंमत नाहीशी झाली नाही; ती दुसऱ्या किनाऱ्यावर गेली.

या भीतीस रासायनिक आधार होता. तांब्याच्या प्रमुख खनिजात वजनाने सुमारे ३५ टक्के तांबे व जवळजवळ तितकाच गंधक असतो. भट्टीत त्याचा दाहक वायू होतो आणि तो पूर्णपणे पकडून त्याचे आम्ल करणे भाग पडते. भंगारातील तांब्यात हा गंधक नसतो, खडक फोडावा लागत नाही आणि ऊर्जाही पुष्कळच कमी लागते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही बचत सुमारे ९५ टक्के आहे. पोलादाविषयी केंद्र सरकारच्या २०१९ च्या भंगार धोरणात असे नमूद आहे की, १ टन भंगारामुळे सुमारे १.१ टन लोहखनिज व ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. आंब्याच्या घाटापलीकडील कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्र्यांत कच्च्या लोखंडाबरोबर भंगारही भट्टीत जाते, ते या हिशेबामुळेच.

तथापि भंगार स्वभावतःच निर्मळ असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आवरणासह तारा जाळून तांबे काढणे किंवा जुन्या बॅटऱ्यांतील शिसे उघड्यावर वितळविणे, यांत विषारी धूर निर्माण होतो आणि तो प्रथम भंगार वेचणाऱ्याच्याच छातीत जातो. शिवाय वाढत्या मागणीची सगळी भरपाई मोडीतून होणे शक्य नाही. आज वापरात असलेला धातू मोडीत निघावयास कित्येक वर्षे जावी लागतात.

रत्नागिरीच्या आंदोलनाने ‘भट्टी कोठे नको’ या प्रश्नाचे उत्तर दिले. ‘धातू कशापासून घ्यावा’ हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याचे एक उत्तर तांबटाच्या तराजूत होते. तेथे धातूची जात ओळखली जाई, घट उघडपणे मोजली जाई आणि कारागिराचे श्रम वेगळे धरले जात. आधुनिक भंगारव्यवहारात वर्गीकरण, प्रदूषणाचा खर्च व कामगाराची सुरक्षितता यांचा हिशेब असाच चोख मांडला गेला, तरच त्याचे लाभ खरे मानता येतील. एरवी खाणीजवळचा धूर भंगाराच्या वखारीत आला, एवढाच फरक पडेल.