सुईचे नाक, दोऱ्याचे टोक

इंग्रजीत सुईला डोळा असतो, मराठीत नाक. हिंदीतही 'नाका'च आहे. आपल्याकडे याच छिद्रासाठी 'नेढे' असा आणखी एक स्वतंत्र शब्द आहे, आणि तो सुईपुरता राहिला नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडाच्या माथ्यावर कातळाला जे आरपार भोक आहे, त्यालाही नेढेच म्हणतात. सुईसारख्या क्षुद्र वस्तूचा अवयव डोंगराला बहाल करणारी ही भाषा आहे. तरीही शेतकरी समाजाला सुईचे 'नाक' अधिक जवळचे वाटले असावे असे मला वाटते. बैलाचे नाक टोचून त्यात वेसण ओवतात. ओवणे म्हणजे टोचलेल्या जागेतून दोर पार करणे, आणि नाकाशी ही क्रिया रोजच्या व्यवहारातच जोडलेली होती. डोळ्यातून कोण काय ओवणार?

याच 'ओवणे' धातूशी 'ओवी'चा संबंध जोडला जातो, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी हा छंद श्रमाच्या जागी रुळला होता. नामदेव तर जातीने शिंपीच. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात गज, कातर, सुई आणि धागा ही व्यवसायाची सगळी हत्यारे भक्तीची रूपके होऊन येतात. शिवण आणि गुंफण यांची रूपके संतसाहित्यात विपुल आहेत. दोरा सुईत जातो कसा, त्यासाठी कोणाचे डोळे खर्ची पडतात, याविषयी मात्र आपली समीक्षा फारशी बोलत नाही. रूपक सुरू होते तेव्हा सुई ओवलेलीच असते.

वस्तुतः अडचण साधी आणि चिवट आहे. दोरा ओढता येतो, ढकलता येत नाही. ओवताना मात्र तो ढकलावाच लागतो, कारण पलीकडे त्याला धरणारे कोणी नसते. म्हणून पहिले सगळे उपाय दोऱ्याचे टोक क्षणभर ताठ करण्याचे आहेत. टोक तिरपे कापायचे, मेणावरून ओढायचे, किंवा ओठांत धरून ओले करायचे. थुंकीने तंतू एकत्र येतात हे खरे, पण सुती दोरा पाण्याने फुगतोही. म्हणून जाणत्या बायका दोऱ्याऐवजी सुईचे नाकच ओले करतात.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता उतरते आणि जवळचे दिसेनासे होते. या वयाने मराठीत चष्म्यालाच नाव दिले. 'चाळिशी लागली' या दोन शब्दांत वय, व्याधी आणि उपाय तिन्ही सामावतात. चष्मा सर्वांच्या आवाक्यात नव्हता तेव्हा, आणि नंतरही पुष्कळ काळ, घरातली नातवंडे हेच सुई ओवण्याचे साधन होते. कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर घालून दुपारभर धावदोरा घालत बसणाऱ्या म्हाताऱ्या, शाळेतून आलेल्या पोराकडून चार-पाच सुया एकदम ओवून घेत आणि त्या वाकळीच्याच कडेला टोचून ठेवत. मूल दृष्टी देई आणि म्हातारी हात. या देवघेवीचे गोड वर्णन करण्याचा मोह होतो. पण पोर खेळायला गेले की काम थांबे, हेही त्याच देवघेवीत होते.

सुई ओवण्यासाठी म्हणून बनवलेले साधन दिसायला किरकोळ आहे. पत्र्याची नखाएवढी चकती, तिच्यावर बहुधा एका स्त्रीचा एका बाजूने दिसणारा उठावाचा चेहरा, आणि पुढे अतिशय बारीक तारेचा चौकटच्या आकाराचा फास. फास दाबला की मिटतो आणि नाकातून पलीकडे जातो. तिथे पुन्हा उघडतो. मग त्या ऐसपैस फासात दोरा घालून तार मागे ओढायची. ढकलण्याचे काम तारेकडे गेले, दोऱ्याला फक्त ओढले जाणे उरले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुयांच्या उत्पादनासाठी जगभर प्रसिद्ध होते. वरून खाच ठेवलेली, दोरा नुसता दाबला की आत घेणारी सुईही पुढे निघाली. पण दोरा ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने निसटतोही, हा तिचा दोष. कोल्हापुरात असा पत्र्याचा तुकडा मागायचा तर आजही हाताने खूण करून दाखवावी लागते. सुईला नाक आणि नेढे अशी दोन नावे देणाऱ्या भाषेने या साधनाला रुळलेले एकही नाव दिले नाही. ज्या कामाला घरात फुकट हात मिळतात, त्याच्या हत्याराला शब्दाची गरज पडत नसावी.

परकराची नाडी ओवण्यासाठी घराघरांत सेफ्टी पिन वापरतात, तीही याच कुळातली. वॉल्टर हंट या अमेरिकी कारागिराने १८४९ साली तिचे पेटंट घेतले. त्याच हंटने त्याआधी टोकाला छिद्र असलेल्या सुईचे शिवणयंत्र तयार केले होते, पण त्याचे पेटंट घेतले नाही. तशा यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये इलायस हाऊ याला मिळाले. हातसुईचे छिद्र मागे आणि यंत्राच्या सुईचे पुढे, एवढ्या एका फरकावर शिवणाचे युग पालटले.

कोल्हापुरी चपलेने हा प्रश्न मुळातच टाळला. तिथे आरीने भोक पाडायचे आणि त्यातून चामड्याचीच वादी ओढून घ्यायची; खिळा नाही, सुताचा दोरा नाही. कमावलेल्या चामड्याचे निमुळते टोक अंगचेच ताठ असते, म्हणून ते ढकलता येते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तिच्यासारखीच पादत्राणे मूळ सांगितल्याविना मांडली तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या चर्चेत रचना आणि श्रेय यांवर बरेच बोलले गेले, आरी-वादीच्या शिवणीवर फारच थोडे.

ओवण्याचे सर्वांत मोठे काम मात्र या जिल्ह्यात शिवणात नाही, विणण्यात आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. दोनच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी गिरणीची स्थापना केली. गिरणी बंद पडली, माग राहिले. मागावर नवे बीम चढते तेव्हा कापडाचा प्रकार तोच असेल तर जुन्या ताण्यांच्या टोकांना नवी टोके सांधून भागते. प्रकार बदलला की ताण्याचा प्रत्येक धागा आधी वहीच्या तारेतील छिद्रातून आणि मग फणीच्या घरातून नव्याने ओढून घ्यावा लागतो. साध्या पन्ह्यालाही असे दोन-तीन हजार धागे सहज होतात. हे करणारे ते वहिफणी कामगार. पद्धत अशी, की एकाने मागून धागा वेगळा करून द्यायचा आणि दुसऱ्याने आकड्यासारख्या टोकाच्या पातळ हत्याराने तो छिद्रातून आपल्याकडे ओढायचा. धागा ढकलायचा नाही, ओढायचा, हे तत्त्व पत्र्याच्या चकतीचेच. फक्त इथे पलीकडे धागा देणारे माणूस बसलेले असते. एक धागा चुकीच्या छिद्रात गेला तर कापडात लांबच लांब रेघ उमटते आणि चूक सापडेपर्यंत पुढचे धागे उसवावे लागतात. हे काम आपोआप करणारी यंत्रे जगात आहेत, पण ती महाग आहेत. धोटा नसलेले नवे वेगवान माग इचलकरंजीत आले, तरी ताणा ओवल्याशिवाय तेही सुरू होत नाहीत. आणि या कामगारांनाही चाळिशी लागतेच.