अफगाणिस्तान : परत आलेली बादशाही आणि बंद राहिलेल्या शाळा

अफगाणिस्तानचे बादशाह अमानुल्ला खान यांच्या काळात १९२१ साली काबूलमध्ये मुलींची सरकारी शाळा निघाली. १९२३ मध्ये देशाला पहिली राज्यघटना मिळाली. पुढे त्यांनी पडदा आणि पोशाखालाही हात घातला, तसे टोळ्या आणि अनेक उलेमा बिथरले. जानेवारी १९२९ मध्ये त्यांना तख्त सोडावं लागलं. परदेशी जाताना ते मुंबईत थांबले. तिथे जन्मलेल्या मुलीचं नाव त्यांनी इंडिया ठेवलं.

इकडे काबूल घेतलेल्या हबीबुल्ला कलकानी यांनी मुलींच्या शाळा बंद केल्या. ऑक्टोबर १९२९ मध्ये नादिर शाह यांनी त्यांना हटवून बादशाही पुन्हा जुन्या घराण्यात आणली. पण सुधारणा काही परत आणल्या नाहीत. पडदा कायम राहिला. १९३१ च्या घटनेत हनफी मजहब अधिकृत ठरला, बादशाहही हनफीच हवा अशी अट आली. कायदे तपासायला उलेमांची जमियत बसली.

नादिर शाहांनी १९३२ मध्ये काबूलला डॉक्टरी शिक्षण सुरू केलं. म्हणजे इल्मला विरोध नव्हता, मागे राहिल्या त्या मुली. सरकारने पडद्याची सक्ती सोडली ती थेट १९५९ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी निघून गेली होती.