मूत्राशयाचा दाह आणि लाखाचा आंकडा

उन्हाळी लागली, असें घरांतील एखादी स्त्री म्हणाली कीं धने-जिऱ्याचें पाणी आणि खडीसाखर तिच्यापुढें येते. वारंवार लघवीस जावेंसें वाटणें, दर खेपेस थोडीच होणें आणि त्या वेळीं आग होणें, ही या विकाराची ओळख फार जुनी आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मूत्रकृच्छ्र या नांवानें त्याचें वर्णन आहे, त्याचे प्रकार पाडलेले आहेत आणि गोखरूसारख्या औषधीही सांगितल्या आहेत. लक्षणें ओळखण्यांत जुने वैद्य मागें नव्हते. कारण मात्र त्यांना, किंवा मध्ययुगीन युरोपांत कांचेच्या भांड्यांत मूत्र धरून त्याचा रंग न्याहाळणाऱ्या वैद्यांना, दिसणें शक्यच नव्हतें.

तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिसूं लागलें. मूत्र हें जंतूंच्या वाढीस चांगलें पोषक आहे, हें लुई पाश्चर यांनीं दाखविलें. १८८५ मध्यें थिओडोर एशेरिख यांनीं अर्भकांच्या विष्ठेंतील एका दंडाकार जंतूचें वर्णन केलें. आतां त्यांच्याच नांवानें ओळखला जाणारा हा आंतड्यांतील रहिवासी मूत्रमार्गानें वर चढून मूत्राशयांत ठाण मांडतो, आणि या विकाराचा बहुतेक वेळां तोच धनी असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आंखूड, सुमारें ४ सेंटिमीटरांचा असतो. म्हणून हें दुखणें त्यांच्या वाट्यास अधिक येतें. त्यांत त्यांच्या शीलाविषयीं शंका घेणें हा निव्वळ अन्याय होय.

जंतु सांपडला तरी निदानाचा प्रश्न सुटला नाहीं. मूत्र बाहेर पडतांना त्वचेवरील जंतु त्यांत मिसळतात. मग तपासणींत दिसलेले जंतु मूत्राशयांतील कीं बाहेरचे? हा संशय फेडण्यासाठीं स्त्रीच्या मूत्राशयांत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून मूत्र काढण्याची प्रथा पडली. त्या नळीबरोबर कधीं कधीं जंतूही आंत जात. रोग पाहण्याची रीतच रोग देऊं शकत होती! १९५८ मध्यें पॉल बीसन या अमेरिकन वैद्यानें तिच्याविरुद्ध लिहिलेलें संपादकीय वैद्यकांत गाजलें.

सुटकेची वाट बॉस्टन येथील एडवर्ड कॅस यांनीं दाखविली. जंतु आहेत कीं नाहींत एवढेंच न पाहतां ते किती आहेत हें मोजावें, असें त्यांचें म्हणणें. मूत्राशयांत साठलेल्या मूत्रांत जंतूंना वाढण्यास अवधि मिळतो. बाहेरून मिसळलेले थोडेच असतात. १९५६ मध्यें त्यांनीं सीमा मांडली: १ मिलिलिटर मूत्रांत १,००,००० किंवा अधिक जंतु. मधल्या धारेचें मूत्र स्वच्छ भांड्यांत धरलें तरी काम भागूं लागलें. स्त्रियांवरील एक मोठें संकट टळलें.

परंतु हा आंकडा मुख्यतः मूत्रपिंडाच्या दाहाच्या रुग्ण स्त्रियांवरून आणि कसलीच तक्रार नसलेल्या स्त्रियांवरून ठरला होता. तो मूत्राशयाच्या दाहासही लावण्यांत आला. आगीनें तळमळणाऱ्या स्त्रीचे जंतु लाखाहून कमी भरले, कीं तिला संसर्ग नाहीं असा निर्वाळा मिळे. १९८२ मध्यें सिएटल येथील वॉल्टर स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, लक्षणें स्पष्ट असतील तर १ मिलिलिटरांत १०० जंतूही अर्थपूर्ण ठरतात. म्हणजे तक्रार खरी होती, माप मोठें होतें. उलटपक्षीं, लक्षणें नसतां केवळ जंतु दिसले म्हणून औषध द्यावें असें नाहीं. गर्भवती स्त्री हा त्यांतील महत्त्वाचा अपवाद, कारण तिच्या मूत्रपिंडांस त्यापासून धोका असतो.

औषधांचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १८९० नंतर हेक्झामीन आलें, १९३५ नंतर सल्फा औषधें, आणि १९५३ मध्यें नायट्रोफ्युरँटॉइन. शेवटचें आजही प्रथम पसंतीच्या औषधांत आहे, कारण मधल्या काळांत सढळ हातानें दिलेल्या अनेक औषधांना जंतु दाद देईनासे झाले आहेत. उरलेल्या गोळ्या मनानें घेणें त्यांच्याच पथ्यावर पडतें. धने-जिऱ्याचें पाणी प्यावें, त्यांत वावगें नाहीं. मात्र थंडी वाजून ताप आला, कुशींत दुखूं लागलें किंवा उलट्या होऊं लागल्या, तर विकार मूत्रपिंडापर्यंत पोंचल्याचा संशय धरून त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें.