कारकुनाची चादर

तेराव्या शतकातला इजिप्त. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात बिल्बैस नावाचं गाव आणि तिथे सरकारी नोकरीत असलेला एक कवी, अल्-बूसीरी. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, पैशाची कायम ओढाताण, आणि ऑफिसातले लोक सरकारी पैसा खातात म्हणून त्यांच्यावर जहरी कविता करण्याची खोड. (असा एक जण प्रत्येक ऑफिसात असतोच!)

पुढे त्याला पक्षाघात झाला. अर्धं अंग लुळं पडलं. मग त्याने पैगंबरांच्या स्तुतीची एक कविता रचली, ती रडत रडत पुन्हा पुन्हा म्हटली आणि झोपला. स्वप्नात पैगंबरांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला, आपली चादर त्याच्यावर टाकली. जाग आली तर दुखणं गायब! चादर म्हणजे बुर्दा, म्हणून ही कविता 'कसीदा बुर्दा'. ही हकीकत त्याच्याच नावावर सांगतात.

आता चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला कुतूहल वेगळंच आहे. एका आजारी माणसाची ही खाजगी विनवणी मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत लोक एकत्र बसून म्हणतात, हे जमलं कसं?

एक कारण रचनेत आहे असं मला वाटतं. सुमारे १६० ओळी, आणि प्रत्येकीचा शेवट 'म'वर. त्यामुळे पाठ करणाऱ्याला पुढची ओळ कुठे जाऊन थांबणार ते आधीच कळतं. भाग दहा. आधी विरहाचं दुःख, मग स्वतःच्या हावरट मनाची खरडपट्टी, मग स्तुती, जन्म, चमत्कार, कुराण, मेराज, लढाया आणि शेवटी माफीची याचना. म्हणताना मधेमधे सलामाचं पालुपद जोडतात, म्हणजे ज्याला अरबी येत नाही तोही बिनधास्त सूर मिसळतो. शिवाय नंतरच्या कवींनी मूळच्या प्रत्येक ओळीच्या दोन चरणांना आपले तीन जोडून पाच-पाच चरणांच्या रचना केल्या. त्याला 'तख्मीस' म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्सच की!

पण सगळे खूश नव्हते. अठराव्या शतकात अरबस्तानात मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांनी यातल्या काही ओळींवर कडक टीका केली. आसरा फक्त अल्लाहकडेच मागायचा, पैगंबरांकडे नाही, असा त्यांचा मुद्दा. वाद आजही मिटलेला नाही. मला त्यांचं म्हणणं तर्काला धरून वाटतं, पण अंथरुणाला खिळलेला माणूस तर्काने बोलत नसतो, हेही खरं.

१९१० मध्ये अहमद शौकी यांनी बूसीरीच्याच वाटेने जाणारी 'नह्ज अल्-बुर्दा' लिहिली. रियाद अल्-सुन्बाती यांनी तिला चाल लावली आणि १९४६ मध्ये ती गायली उम्म कुल्सूमने. तिचे वडील गावच्या मशिदीत इमाम. लग्नांत, मौलिदांत अशीच स्तुतिगीतं गाऊन ते घरखर्चाला हातभार लावत, आणि लहानपणी ही मुलगी मुलाचे कपडे घालून त्यांच्याबरोबर गावोगाव गायला जायची.