ब्राह्मी (स्मृतीवरील परिणाम)

ब्राह्मी : (लॅ. बॅकोपा मोनिएरी; कुल–प्लँटॅजिनेसी). पाणथळ जागी जमिनीवर पसरत वाढणारी लहान ओषधी. पाने मांसल, समोरासमोर, चवीला कडू. फुले पांढरी किंवा फिकट जांभळी. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा हाती पडते ती मात्र कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी (सेंटेला एशियाटिका; कुल–एपिएसी). तिची पाने लांब देठाची, दातेरी कडांची व मूत्रपिंडाच्या आकाराची असतात. दोघींची कुले वेगळी, रसायनेही वेगळी : मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड, ब्राह्मीत बॅकोसाइड. त्यामुळे एकीवरील प्रयोगांचा दाखला देऊन दुसरी विकणे सर्वस्वी गैर आहे.

चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुळवेल व शंखपुष्पी ही चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायने सांगितली आहेत. ब्राह्मी तेथे नाही. ती अपस्मारावरील ब्राह्मीघृतात येते.

बॅकोसाइड हे सॅपोनिन वर्गातील पदार्थ. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात त्यांवर मूलभूत काम झाले व पुढे तेथेच उंदरांच्या शिकण्यावर ब्राह्मीचा परिणाम तपासला गेला. अ‍ॅसिटिलकोलीन या चेतापारेषकाचे कार्य सुधारणे आणि मेंदूतील पेशींचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण होणे, अशी कारणे दिली जातात. ती मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेली आहेत.

माणसांवरील चाचण्यांत ऑस्ट्रेलियातील दोन महत्त्वाच्या. २००१ साली स्टफ व सहकाऱ्यांनी ४६ निरोगी व्यक्तींपैकी काहींना रोज ३०० मिग्रॅ. अर्क व इतरांना औषधहीन गोळी १२ आठवडे दिली; अर्क घेणाऱ्यांत शिकण्याचा वेग व स्मृती दृढ होणे यांत सुधारणा दिसली. २००२ साली रूडेनरिस व सहकाऱ्यांनी ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांची तीन महिने तपासणी केली. परस्परांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या जोड्या पाठ करायच्या आणि काही वेळाने आठवायच्या, अशी त्यातली एक कसोटी होती. अर्क घेणारे जोड्या लवकर शिकले नाहीत, पण शिकलेल्या जोड्या कमी विसरले. हा फरक फार मोलाचा आहे : ब्राह्मीने बुद्धी तल्लख होते असे सरसकट म्हटले जाते, पण या चाचणीत दिसले ते विसरणे मंदावणे. एकाच मात्रेने काही तासांत परिणाम होतो का, हेही तपासले गेले. तसा तो खात्रीने आढळला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री घेतलेल्या चमचाभर चूर्णाचा भरवसा नाही तो यामुळेच.

मळमळ, पोटात कळ व वारंवार शौचास होणे हे त्रास काहींना होतात. चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या आहेत. त्या पोटात घेतलेल्या, प्रमाणित अर्काच्या आहेत. डोक्याला लावायच्या ब्राह्मी तेलाला त्यांचा आधार मिळत नाही. स्मृतिभ्रंशावर ब्राह्मी उपचार ठरते, असे सिद्ध झालेले नाही. अशा रुग्णांनी चालू औषधे सोडून ती घेऊ नये.