चढावर जुनी टर्बो गाडी दम का सोडते? फ्यूएल पंपाचं व्होल्टेज तपासायची नेमकी पद्धत

मुरुडहून दिवेआगर-श्रीवर्धनला निघालेल्या गाड्या आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीत चढतात आणि राजपुरी खाडी ओलांडून दिघीला उतरतात. खाडीला वळसा घालून रस्त्याने जायचं तर बरंच अंतर पडतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी इथे गाड्यांची रांग लागते. अशा रांगेत एखादी जुनी टर्बो पेट्रोल गाडी असली की एक तक्रार हमखास ऐकू येते: “सपाटीला मस्त चालते, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके खाते.”

मेकॅनिक आधी प्लग बदलतो, मग कॉइल, मग टर्बोवर संशय घेतो. दोष मात्र कित्येकदा मागच्या सीटखाली, पेट्रोल पंपाच्या दोन वायरींमध्ये असतो.

भारतात 2004 च्या सुमारास आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही या प्रकारातली ओळखीची गाडी. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 हॉर्सपॉवर. आज तिची वायरिंग वीस वर्षांची झाली आहे. (त्या काळातल्या आपल्याकडच्या बहुतेक टर्बो गाड्या डिझेल होत्या आणि त्यांतल्या अनेकींत टाकीत इलेक्ट्रिक पंपच नसतो. त्यामुळे पुढची माहिती मुख्यतः पेट्रोल गाड्यांसाठी.)

टर्बोमध्येच हा त्रास जास्त का जाणवतो? साध्या इंजिनात पंपाला साधारण 3 बार दाब सांभाळावा लागतो. टर्बोने हवा दाबून भरली की इंजेक्टरच्या तोंडाशी तेवढाच उलटा दाब तयार होतो, म्हणून रेग्युलेटर पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढवतो. बूस्ट 0.7 बार असेल तर पंपाला 3.7 बारवर काम करावं लागतं, आणि तेही पेट्रोलची मागणी सर्वांत जास्त असताना. पंपाची मोटर व्होल्टेजवर फिरते. व्होल्टेज कमी, तर फिरणं कमी, तर पेट्रोल कमी. आयडलिंगला ही तूट दिसत नाही, कारण तेव्हा लागतंच थोडं.

धोका फक्त झटक्यांचा नाही. बूस्टमध्ये हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होतात, म्हणजेच गाडी ‘नॉक’ करते. हे चालू राहिलं तर पिस्टन फुटू शकतो. शंभर रुपयांच्या सडक्या जोडापायी इंजिन उघडायची वेळ येते, ती अशी.

किनाऱ्यावर हा सडका जोड लवकर तयार होतो. खारा, दमट वारा कनेक्टरमध्ये शिरतो, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि वायरीचा रोध वाढतो. हिशोब सोपा आहे. पंप 8 अँपिअर घेत असेल आणि जोडात फक्त 0.25 ओहमचा रोध असेल, तर 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बॅटरीवर 13.8 असताना पंपाला 11.8 मिळतात. शिवाय त्या जोडात 16 वॅट उष्णता तयार होते. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं दिसतं, ते यामुळे.

आता तपासणी. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पंपाचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावणं. मीटर जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे एका तारेवर लटकलेली वायरही पूर्ण 12 व्होल्ट दाखवते आणि “करंट येतोय, पंप खराब आहे” असा निकाल लागतो. मोजमाप नेहमी कनेक्टर जोडलेला आणि पंप चालू असतानाच घ्यायचं.

आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. इथेच कमी असतील तर अल्टरनेटर बघा. बॅटरी ठीक असेल तर मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी पिन पंपाच्या प्लस वायरीवर, कनेक्टरच्या मागच्या बाजूने लावा (लांब वायर जोडावी लागेल). मीटरवर येणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड आला तर फ्यूज, रिले, रिलेचा सॉकेट असे टप्पे धरत पुढे सरकायचं. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथे दोष.

मग अर्थिंग. पंपाच्या मायनस वायरीवर लाल पिन, बॅटरीच्या मायनसवर काळी. इथे 0.2 व्होल्टच्या आसपास चालतं. ही बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि कोकणातल्या गाड्यांत बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट असतो तिथेच गंज असतो.

आयडलिंगला सगळं ठीक दिसलं तरी निकाल देऊ नका. वायर केबिनमध्ये घेऊन चढावर गाडी चालवा, मीटर शेजारच्याने वाचायचा. व्होल्टेज टिकतंय पण पेट्रोलचा दाब पडतोय, तर पंप, फिल्टर किंवा टाकीतली जाळी बघा. व्होल्टेज पडतंय आणि पंप नेहमीपेक्षा जास्त अँपिअर खेचतोय, तर पंपही म्हातारा झालाय.

एक अपवाद माहीत असू द्या. टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन यांसारख्या काही जपानी टर्बो गाड्यांत आयडलिंगला पंपाला मुद्दाम कमी व्होल्टेज देतात. तिथे 9-10 व्होल्ट दिसले म्हणजे बिघाड नव्हे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ते वाढले पाहिजेत.

दुरुस्तीत नुसतं घासून टेप गुंडाळू नका. गंज इन्सुलेशनच्या आत शिरतो, म्हणून चकाकतं तांबं दिसेपर्यंत वायर कापून नवा जोड घ्यावा. वायरिंगच जुनं असेल तर बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर नवीन रिलेमार्फत पंपाला द्यावी आणि जुन्या वायरीने फक्त तो रिले चालवावा. काही वायरमन पंप थेट इग्निशनला जोडून मोकळे होतात. त्यात इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबायची सोय जाते, आणि अपघातात पाइप फुटला तर पेट्रोल वाहतच राहतं.

हे काम पेट्रोलच्या वाफेजवळ चालतं. मागची दारं उघडी ठेवा, विडी-सिगारेट लांब, आणि टाकीजवळ ठिणगी पडेल असा कोणताही जोड पंप चालू असताना काढू नका. टाकीत पेट्रोलही पुरेसं असू द्या. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. आणि चढावर झटके देणारी गाडी फेरीबोटीच्या उतारावर नेण्याआधीच तपासून घ्या. तिथे मागे वळायला जागा नसते.