रेडिओवरचा अर्धा तास : सोलापूर आकाशवाणी आणि आपलं काळं रान

आज रानातली नोंद नाही, रेडिओची आहे. लांबण लागेल, पण वाचा. आपल्या जिल्ह्यात शेतीचा सल्ला कुणी, कुठून आणि कसा दिला, याचा हा इतिहास आहे, आणि त्याचा संबंध पुढच्या रब्बीशी आहे.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. लोकांना ते आठवतं गीतरामायणामुळे. एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६, वर्षभर ते गाजलं. पण त्याच केंद्राने १९५६ च्या सुरुवातीला आणखी एक काम केलं, ते शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगत नाही. युनेस्कोच्या मदतीने केंद्राच्या टप्प्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावं निवडली आणि प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा श्रोता गट उभा केला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडातली. तिकडच्या शेतकऱ्यांचे असे रेडिओ गट १९४१ पासून चालू होते.

यातली खरी गोम ऐकण्यात नव्हती. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि गटाने तिथंच बसून बोलायचं. हे आपल्या गावात जमेल का? कोण करून बघतो? अडलं कुठं? त्या शंका लिहून पुण्याला पाठवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. गट असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना झाली. पॉल न्यूराथ यांनी पुढे त्यावर लिहिलं. गट असलेल्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली, बाकीच्या गावांत वाढ नगण्य. म्हणजे नुसता रेडिओ आणून ठेवल्याने फारसं काही झालं नाही. बसून बोलल्याने झालं. कृषी विस्तारात काम करणाऱ्या साहेब लोकांनी हे वाक्य परत एकदा वाचावं ही विनंती.

१९५९ पासून हे गट देशभर काढायचं ठरलं, आणि जे सरकारी योजनेचं होतं तेच झालं. कागदावर गट वाढले. गावात मात्र बॅटरी संपली की नवी यायला महिने लागायचे, आणि पंचायतीचा रेडिओ कुणाच्या तरी माडीवर जाऊन बसायचा. खरा दणका मात्र ट्रान्झिस्टरने दिला. पोस्टातून लायसन काढायचं, खांद्याला अडकवायचा, मोटेवर न्यायचा. चैन झाली. पण रेडिओ घरोघर गेला आणि पारावरचं बसणं मोडलं. आमचे आजोबा म्हणायचे, आधी एका रेडिओला वीस माणसं होती, नंतर एका माणसाला एक रेडिओ झाला.

१९६६ साली आकाशवाणीने काही केंद्रांवर शेती आणि गृह विभाग काढले. संकरित आणि जास्त उत्पन्नाच्या वाणांचा काळ तो. आता कार्यक्रमाची धाटणीच बदलली. आधी दोन-तीन गावकरी पात्रं गप्पा मारायची, त्यात सल्ला मिसळलेला असायचा. आता कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ बोलू लागले : वाण, खताची मात्रा, फवारणीचं प्रमाण. तमिळनाडूत तंजावरकडे एडीटी-२७ नावाचा भात रेडिओवरून इतका पसरला की लोक त्याला 'रेडिओ भात' म्हणू लागले. रेडिओत ताकद होती, यात शंका नाही.

पण सोलापूरकराची अडचण वेगळी होती. आपल्याला लागायची केंद्रं म्हणजे पुणे ७९२ किलोहर्ट्झ आणि १९६३ पासून सांगली १२५१ किलोहर्ट्झ. दोन्ही चांगली. पण ऊस, हळद, द्राक्ष, भात यांची चर्चा ऐकून मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या माणसाने करायचं काय? त्याचं पीक शाळू, आणि पाणी म्हणजे हस्ताचा पाऊस. उजनी पूर्ण झालं १९८० मध्ये, तेही सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. आणि खरं दुखणं असं की कोरडवाहूचं ज्ञान इथंच होतं. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, कानिटकरांसारखी माणसं इथं राबली. आजही ज्या मालदांडी ३५-१ च्या भाकरीला तोड नाही, ती निवड आपल्या मोहोळच्या केंद्रातली. ज्ञान सोलापुरात आणि माईक पुण्यात, असा हा मामला.

पुढे देशात स्थानिक केंद्रांचं धोरण आलं. पहिलं १९८४ साली नागरकोईलला निघालं. जिल्ह्याचं केंद्र, जिल्ह्याची बोली, जिल्ह्याचे प्रश्न. त्याच धोरणातून आपल्या सोलापूरला आकाशवाणी आली. मध्यम लहर, १६०२ किलोहर्ट्झ, प्रक्षेपक अवघा एक किलोवॅटचा. पुण्या-सांगलीपुढे किरकोळच. रात्री दुसरी केंद्रं अंगावर यायची, आवाज गुदमरायचा. पण त्या आवाजात 'तिफण', 'कोळपं', 'बाटूक' हे शब्द जसे आपण बोलतो तसे यायचे. अक्कलकोटकडचा माणूस कानडी हेल काढून मराठी बोलायचा, तरी त्याचं कुणी शुद्धलेखन काढलं नाही.

स्थानिक केंद्राने काय फरक पडतो, याचं एकच उदाहरण देतो. शाळूला कोळपणी तीनदा : तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. शेवटची भेगा बुजवायला, ओल उडून जाऊ नये म्हणून. हे पुस्तकात आहे, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि आठव्या आठवड्यात, ज्वारी हिरवीगार दिसत असताना, भेग पडायच्या आत कुणीतरी 'आता घाला' म्हणणं वेगळं. आपल्याकडची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. ज्या केंद्राला ही तारीख माहीत आहे तेच केंद्र आठवा आठवडा बरोबर धरू शकतं. बियाण्याला किलोला चार ग्रॅम गंधक चोळा हे पेरणी झाल्यावर सांगून काणी थांबत नाही. शेतीत सल्ल्याला वेळेची किंमत आहे, आणि ती वेळ प्रत्येक जिल्ह्याची वेगळी.

जाता जाता : मध्यम लहरीच्या रेडिओचा एक उपयोग कुठल्याच अहवालात नाही. लांब कुठं वीज चमकली की त्यात खर्र वाजायचं. उन्हाळ्यात दुपारनंतर ती खरखर वाढली की म्हातारी माणसं म्हणायची, कडबा झाका, वळीव आहे. एफएमवर ते ऐकू येत नाही. आवाज स्वच्छ झाला आणि हवामान खातं बंद पडलं.

एफएमवर सोलापूर आकाशवाणी १०३.४ मेगाहर्ट्झवर आली. आवाज चांगला, पण एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते. मध्ये उंचवटा आला की खेळ खलास. फेब्रुवारी २००४ मध्ये 'किसानवाणी' सुरू झाली, देशातल्या ९६ एफएम केंद्रांवरून. त्याच वर्षी जानेवारीत किसान कॉल सेंटर निघालं, नंबर १५५१. म्हणजे पुण्याला पत्र पाठवून वाट बघणारा शेतकरी आता फोनवर थेट विचारू लागला. ही मोठी सुधारणा, मान्य. पण फोनवर एक माणूस विचारतो आणि एकालाच उत्तर मिळतं. रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमात निदान बाकीचे ऐकतात. मला तो प्रकार सगळ्यात पसंत. दक्षिण सोलापूरच्या माणसाने डाळिंबाच्या तेल्याबद्दल विचारलं की सांगोल्याचा माणूस काम थांबवून ऐकतो.

खाजगी एफएमही शहरात आले. गाणी, गप्पा, जाहिराती. बातम्या द्यायची त्यांना परवानगी नाही आणि शेतीत त्यांना रस नाही. त्यांना दोष देत नाही, त्यांचं गिऱ्हाईक शहरातलं आहे.

आपल्या शेजारी मात्र एक वेगळी गोष्ट घडली, ती बघण्यासारखी. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' काढली, ९०.४ मेगाहर्ट्झ. टप्पा लहान, पण बोलणारी माणसं त्याच दुष्काळी मुलखातली. सामुदायिक रेडिओची परवानगी आधी शिक्षणसंस्थांनाच होती, २००६ मध्ये ती सेवाभावी संस्थांनाही खुली झाली, त्यातून हे शक्य झालं. माझ्या मते १९५६ च्या श्रोता गटाचा खरा वारस हाच आहे.

आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे, त्यात आकाशवाणीचं ॲपसुद्धा आहे. मग रेडिओ कशाला, असं पोरं विचारतात. व्हिडिओत कोळप्याचा दाता दिसतो, तो रेडिओवर दिसणार नाही, हे कबूल. पण परवा आमच्या गटात एकाने माव्यावरचा व्हिडिओ टाकला. बघितलं तर तीन वर्षांपूर्वीचा, विदर्भातला, पीक कपाशी! तरी दोघं दुकानात जाऊन तेच औषध मागत होते. दुकानदार शहाणा म्हणून परत पाठवलं. व्हिडिओला तारीख नसते, जिल्हा नसतो. स्थानिक केंद्राला दोन्ही असतात.

म्हणून स्थानिक केंद्रांचा स्वतःचा वेळ कमी होऊन वरून आलेला कार्यक्रम जोडला जातो, तेव्हा मला ते फक्त नोकऱ्यांचं किंवा अस्मितेचं प्रकरण वाटत नाही. आठव्या आठवड्यात 'आता घाला' म्हणणारा आवाज जातो.

आमच्या वस्तीवर आम्ही सात-आठ जण गेल्या हंगामापासून एक करतोय. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर एकजण तो मोठ्याने वाचतो, मग शेतीचा कार्यक्रम लावतो, मग मोबाईल खिशात आणि बोलणं. गेल्या शुक्रवारी भांडण झालं, शेवटची कोळपणी बैलाने की छोट्या ट्रॅक्टरने, यावर. अजून मिटलेलं नाही. दोन ओळी एकशेजारी ठेवून दोन्ही करून बघायचं ठरलंय, ओल खड्डा खणून मोजू. आकडे आले की इथं टाकतो.